आरशाची पेटी

१८९७ संपून १८९८ उजाडत होतं, त्या आठवड्यांत कसारा घाट चढून इगतपुरीला येणाऱ्या गाड्यांमध्ये काही अवजड पेट्या होत्या. इंग्लंडहून निघून, मुंबई बंदरात उतरून त्या वऱ्हाडाकडे चालल्या होत्या: काही अमरावतीजवळच्या तळणीला, काही त्यापुढच्या पुलगावला. मुंबईहून तिकडे जायला तेव्हा सरळ रेल्वे एकच, ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची. कल्याण, कसारा, इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड, भुसावळ. म्हणजे त्या पेट्या आमच्या नाशिकच्या स्टेशनावरून गेल्या. आत दुर्बिणी होत्या, वर्णपटदर्शक होते, काचेच्या फोटोप्लेटा होत्या.

२२ जानेवारी १८९८च्या दुपारी खग्रास सूर्यग्रहण होणार होतं. चंद्राची सावली विजयदुर्गापाशी किनाऱ्याला लागून करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून, वऱ्हाडावरून, शहडोलवरून पुढे बक्सरकडे सरकणार होती. नाशिक त्या पट्ट्याच्या बाहेर, बरंच वायव्येला. इथल्या लोकांनी खंडग्रास ग्रहण पाहिलं असेल, गोदावरीत स्नानं केली असतील. ग्रहणाच्या इतिहासात आमच्या गावाचं नाव नाही. पण त्या पेट्यांचा रस्ता इथून गेला, आणि मला पेट्यांविषयीच लिहायचं आहे.

माझे वडील सुतार. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. भद्रकालीत त्यांचं छोटं दुकान होतं. दारं-खिडक्यांची कामं असतच, पण त्यांचा खरा जीव पेट्यांत. तबल्याच्या, हार्मोनियमच्या, सराफांच्या तराजूच्या, दवाखान्यातल्या उपकरणांच्या. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं आणि आकाशनिरीक्षणाच्या नादाला लागले, तेव्हा आमच्या गटाच्या पहिल्या दुर्बिणीची पेटी त्यांनीच केली. गटाची दुर्बीण सांभाळायचं काम माझ्याकडे आलं ते तेव्हापासून. दुर्बिणीतून काय दिसलं याचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. ती दुर्बीण ज्या पेटीतून आली आणि ज्या पेटीत पुढची वर्षं राहिली, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर इथल्या दुर्बिणींचं नशीब बहुतेक वेळा पेटीनेच ठरवलेलं आहे.

कसाऱ्याचा घाट रेल्वेसाठी १८६५ साली खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ. जादा इंजिन जोडून गाडी वर आणावी लागते, आजही लागते. इंजिन जोडताना आणि सोडताना डब्यांना जो हिसका बसतो, तो प्रवाशाला नुसता जाणवतो. पेटीतल्या काचेला तो सोसावा लागतो. जहाजातला डोल संथ असतो. बंदरावरची क्रेन, हमालांचे खांदे, मालडबा, आणि शेवटी स्टेशनापासून माळापर्यंतची बैलगाडी, हे सगळं आडदांड. शिवाय तो काळ प्लेगचा होता. मुंबई-पुण्यात लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत होते. आदल्याच वर्षी दुष्काळ पडून गेला होता. त्या दिवसांत ग्रहण टिपायला आलेल्या लोकांनी काचा सुखरूप नेल्या आणि ठरल्या दिवशी, ठरल्या क्षणी वापरल्या.

जेऊरला उतरलेल्या मंडळींत कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेची तुकडी होती. प्रमुख विल्यम कॅम्पबेल. त्यांचा मोठा कॅमेरा चाळीस फूट लांबीचा. ही नळी अख्खी आणायचा प्रश्नच नव्हता. भिंग पाच इंचांचं, ते वेगळं. नळी म्हणजे सांगाड्यावर ताणलेलं कापड, ते गुंडाळी करून. आणि भिंग ज्यावर बसायचं तो उंच मनोरा जागेवर उभारायचा. चाळीस फुटांचं यंत्र, पण खरोखर जपून आणायची वस्तू दोन हातांच्या ओंजळीत मावणारी. दुर्बीण सुटी करण्याची ही विद्या त्या लोकांनी फार विचारपूर्वक कमावली होती. नाजूक ते लहान पेटीत, अवजड ते मोठ्या पेटीत, आणि दोन्ही कधी एकत्र नाही.

तळणीला ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी होती. ही बहुतांशी हौशी लोकांची संस्था. त्यांत अॅनी माँडर होती. ग्रिनिच वेधशाळेत ती गणिती म्हणून काम करायची; १८९५ साली लग्न झालं आणि तेव्हाच्या नियमानुसार तिला नोकरी सोडावी लागली. तिच्या गिर्टन कॉलेजने दिलेल्या अनुदानातून तिने एक लहानसा कॅमेरा तयार करवून घेतला होता. भिंग अवघ्या दीड इंचाचं. त्या कॅमेऱ्याने तळणीच्या माळावरून तिने सूर्याच्या प्रभामंडलाचा एक किरण टिपला, सूर्यापासून लाखो मैल लांब गेलेला. इतका लांब किरण तोवर कुणाच्या फोटोत आला नव्हता. मोठा कॅमेरा सूर्यालगतचा तपशील दाखवतो आणि लहान, रुंद नजरेचा कॅमेरा दूरवरची फिकट प्रभा पकडतो. दोघांची कामं वेगळी. तरी दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येक बाईला हा प्रसंग ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं. जे एकटीला उचलता येतं, तेवढ्याने मोठं काम होऊ शकतं.

त्याच तळणीच्या तळावर जॉन एव्हरशेड नावाचा हौशी निरीक्षक होता. पोट भरायला एका रासायनिक कंपनीत नोकरी, बाकीचा वेळ सूर्याला. ग्रहणाच्या वेळी क्षणभरच चमकणारा वर्णपट त्याने तिथे प्लेटांवर उतरवला. या माणसाचं नाव लक्षात ठेवावं, तो पुढे परत येतो.

विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. त्यांच्या मदतीला मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे खलाशी होते. त्यांना उपकरणं हाताळण्याचे धडे देऊन कामाला जुंपलं होतं. किल्ल्यावर दुर्बिणींसाठी जे चौथरे बांधले त्यांना गावात अजून साहेबाचे ओटे म्हणतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती वर्तमानपत्रांतून सारखी चुकीची छापली जाते: हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लागलेला नाही. त्या शोधाच्या वर्षी, १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात, फ्रान्सचे जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते, आणि लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. तिथून ऑक्टोबरात त्यांनी सूर्याचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी. ओटे खरे आहेत, आणि त्यांच्या खरेपणाला उसन्या शोधाची गरज नाही. भर समुद्रकाठच्या किल्ल्यावर, खाऱ्या हवेत, जहाजावरून उतरवलेली उपकरणं बसवून ती चालवणं ही तोलामोलाची कामगिरी आहे.

जेऊरला आणखी एक तुकडी होती, आपली. प्रमुख होते कावसजी दादाभाई नेगामवाला. हा माणूस मराठी शाळांच्या पुस्तकांत असायला हवा होता. १८५७चा जन्म, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले, आणि वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढायचं ठरलं. नेगामवाला उपकरणं आणायला इंग्लंडला गेले, तिथे लॉकियर आणि राजज्योतिषी क्रिस्टी यांनी त्यांना वेधशाळाच काढायचा सल्ला दिला. मुंबईची हवा वेधांना बरी नाही, म्हणून जागा पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, संगमाजवळ. आज तिथे अभियांत्रिकी विद्यापीठ आहे. १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा पुरी झाली. तिची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रबच्या कारखान्यातली, वीस इंची आरशाची.

तो आरसा काचेचा होता आणि काचेवर चांदीचा मुलामा होता. आधीच्या काळात आरसे तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचे असत, जड आणि लवकर काळवंडणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काचेवर चांदी चढवण्याची रीत निघाली आणि आरसे हलके झाले. पण चांदीचं दुखणं आपल्या घरातल्या निरांजनावरून कुणीही सांगेल: ती काळी पडते. पुण्याच्या पावसाळी हवेत तर लवकरच. मग जुनी चांदी नायट्रिक आम्लाने उतरवायची, काच स्वच्छ करायची, सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखरेच्या द्रावणाने नवी चढवायची. ते द्रावण ताजंच वापरावं लागतं. उरलेलं ठेवून दिलं तर त्यात स्फोटक साका जमतो. दर वेळी एवढा मोठा आरसा बैठकीतून काढायचा, टोपल्यात ठेवायचा, परत बसवायचा. म्हणजे दुर्बीण जागची हलली नाही तरी आरसा प्रवास करत राहायचा, आणि त्या प्रवासातही त्याला पेटी लागायचीच.

१९१२ साली नेगामवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळा बंद केली. एका माणसावर उभं राहिलेलं काम, माणूस उठल्यावर मिटलं. उपकरणं पेट्यांत भरून कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे रवाना झाली. तिथे तेव्हा संचालक होते जॉन एव्हरशेड, तळणीच्या माळावरचे तेच हौशी निरीक्षक. आता ते सरकारी शास्त्रज्ञ होते आणि सूर्याच्या डागांमधल्या वायूंच्या प्रवाहांचा त्यांचा शोध प्रसिद्ध झाला होता. पण सूर्याच्या वेधशाळेत रात्रीच्या आकाशाची मोठी दुर्बीण कुणाला हवी होती? पुण्याची वीस इंची दुर्बीण तिथे अनेक दशकं कामाशिवाय राहिली. देश स्वतंत्र झाल्यानंतर ती पुन्हा उभी राहिली, भावनगर दुर्बीण या नावाने. आणि ऐंशीच्या दशकात, हिमालयात नवी वेधशाळा कुठे काढावी याची पाहणी चालू असताना, ती थेट लेहला नेली गेली. डब्लिन, पुणे, कोडाईकनाल, लेह. एवढा प्रवास केलेली दुसरी दुर्बीण भारतात असेल असं मला वाटत नाही.

या कहाणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती मधली दशकं. दुर्बीण न वापरता टिकली, ही साधी गोष्ट नाही. कुणीतरी ती नीट भरली होती. कोडाईकनालच्या धुक्यात कुणीतरी तिच्यावर लक्ष ठेवलं असेल, पत्र्याच्या कोपऱ्यातून गळणारं पाणी थांबवलं असेल. त्यांची नावं कुठल्या अहवालात नाहीत. नेगामवाल्यांचा १८९८च्या ग्रहणाचा अहवाल छापील आहे. पेट्या करणाऱ्या सुताराचं नाव छापायची रीत तेव्हाही नव्हती, आजही नाही.

हौशी लोकांच्या हातात दुर्बिणी आल्या त्या मात्र बऱ्याच नंतर. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली, देशातली ही सर्वांत जुनी हौशी संस्था. १९८५-८६ला हॅलेचा धूमकेतू आला आणि महाराष्ट्रात गावोगावी गट उभे राहिले. मुंबईचं खगोल मंडळ त्याच लाटेतलं. त्यांच्या बदलापूरपुढच्या वांगणीच्या रात्रींनी कित्येकांना आकाश दाखवलं. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत हौशींना आरसा घासायला शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या. परदेशी दुर्बीण परवडायची नाही, मिळायचीही नाही. मग काचेच्या दोन चकत्या, त्यांत कार्बोरंडमची पूड, आणि आठवडेच्या आठवडे घासणं. शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. सहा इंची आरसा असा घरी तयार होतो, आणि त्याच्या पृष्ठभागात मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढाही खड्डा-उंचवटा चालत नाही. मग त्याच्यावर निर्वात भांड्यात अॅल्युमिनियमचा थर चढवतात. चांदीची जागा अॅल्युमिनियमने घेतली ती १९३०च्या दशकात. हा थरही तेवढाच पातळ, मिलिमीटरचा दहा हजारावा भाग.

असा आरसा आमच्या गटाकडे आला तेव्हा अण्णांनी तो हातात घेतला नाही. टेबलावर ठेवायला सांगितला, चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "याला कुठं हात लावलेला चालतो?" मी म्हटलं, "फक्त कडेला." ते म्हणाले, "मग पेटीनंपण कडेलाच धरायचं."

त्यांनी सागवानाची चौकोनी पेटी केली. आत तीन गुटके, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, प्रत्येकाच्या तोंडाला लोकरीच्या बनातीची पट्टी. आरसा त्या तिघांच्या कडेवर बसतो. वरचा भाग कशालाही टेकत नाही आणि झाकण लावलं तरी मध्ये बोटभर मोकळी जागा राहते. दोन गुटक्यांनी आरसा डुगडुगतो, चार लावले की एक कायम सैल राहतो आणि बाकीच्या तिघांवर ताण येतो. तीन बरोबर, हे त्यांना दुर्बिणीचं पुस्तक न वाचता कळलं होतं. फळी नवी नव्हती, पाडलेल्या वाड्याच्या तुळईची होती. ताज्या लाकडातून आंबूस वाफ निघते, ती धातूला खाते, हे मला पुढे वाचनातून कळलं. अण्णांना तराजूच्या पेट्या करताना पितळ काळं पडलेलं दिसलं होतं. बिजागऱ्या पितळेच्या. कडी-कोयंडा बाजूला, वर नाही, कारण वर असला की माणसं पेटीवर पेटी ठेवताना त्यावरच ठेवतात.

आमच्याकडे दुर्बिणीचा वैरी धूळ नव्हे, जून ते सप्टेंबर आहे. जिल्ह्यात पाऊस सारखा पडत नाही. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर, येवल्या-सिन्नरकडे ढेकळं भिजतील एवढाच. पण हवेतला दमटपणा सगळीकडे पोचतो. चार महिने आकाश ढगाळ, म्हणून दुर्बीण कुणी उघडत नाही; आणि उघडत नाही म्हणूनच आत बुरशी वाढते. भिंगावर आधी ठिपका, मग त्यातून कोळ्याच्या जाळीसारखे धागे. बुरशीतून पाझरणारं आम्ल काचेवर कायमचं कोरलं जातं. वरून पुसलं तरी खूण राहते. एका शाळेच्या कपाटात मी अशी एक छान आयात दुर्बीण पाहिली आहे. रेक्झिनच्या पेटीत, आत स्पंज, वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. बांधणाऱ्याने काळजीनेच बांधली होती. पिशवीने बाहेरचं पाणी थांबवलं आणि आतला दमटपणा आतच कोंडला. पुढचं भिंग गेलं ते गेलंच.

म्हणून पावसाळ्यात दुर्बीण झोपवून ठेवायची नाही, अधूनमधून उघडायची. कोरड्या उन्हाचा दिवस मिळाला की पेटी उघडून तासभर सावलीत हवेला ठेवायची, भिंगावर ऊन पडू न देता. आत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे खडे गुलाबी झाले की भरले समजायचं. तापवून पुन्हा निळे करता येतात, पण निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या कढईत कधीही नाही. तांदळाची पिशवी ठेवणारे लोक आहेत. तांदळाची पिठी उडून भिंगावर बसते आणि ती बुरशीला आयतं खाणं होते. डांबराच्या गोळ्या नकोत. चामड्याची केस तर अजिबात नको, कारण बुरशीचं पहिलं घर चामडंच. जुने फोटोग्राफर कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे, तो उपाय आजही चांगला आहे: कपाटातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार अंश उबदार राहिली की दव बसत नाही.

नाशिकमध्ये एक जादा सावधगिरी लागते, ती बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही. द्राक्षांच्या हंगामात इथे पॅकिंगच्या सामानाला तोटा नसतो. पुठ्ठ्याचे मजबूत खोके, बबलचे कागद, सगळं पिंपळगाव-निफाडकडून सहज मिळतं, आणि आमच्यातले कितीतरी जण आयपीस, फाइंडर त्यातच भरतात. खोका वापरावा. पण निर्यातीच्या द्राक्षांवर जो कागदी पॅड घालतात, तो काढून फेकावा. द्राक्षं सडू नयेत म्हणून त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तोच वायू ओल्या हवेत आम्ल होतो आणि आरशावरचा अॅल्युमिनियमचा थर कुरतडतो. द्राक्षांना जपणारी वस्तू आरशाचा घात करते. वापरलेला खोकासुद्धा महिनाभर उघडा ठेवून मगच घ्यावा.

वाहतुकीचं तंत्र आमच्या पिढीत फार बदललं. पूर्वी चार-पाच फुटांची नळी चादरीत गुंडाळून एसटीच्या टपावर बांधायचो आणि आरशाची पेटी मांडीवर. कंडक्टर विचारायचे, आत काय आहे. आरसा म्हटलं की त्यांना लग्नाचं सामान वाटायचं आणि जागा मिळायची. हरसूलकडे, पेठकडे, अंजनेरीच्या पायथ्याशी, जिथे अंधार असेल तिथे. आता गाड्या आहेत, पण गतिरोधकही आहेत, आणि गतिरोधकाचा दणका कसाऱ्याच्या इंजिनाच्या हिसक्यापेक्षा कमी नसतो. नळी मागच्या सीटवर आडवी, खाली गादी, पट्ट्याने बांधलेली. आरसा नळीतच ठेवून न्यायचा असेल तर त्याच्या बैठकीचे स्क्रू निघण्याआधी तपासायचे, आणि आरशाचं टोक गाडीच्या मध्याकडे ठेवायचं, कारण मागच्या चाकावर हादरा जास्त. पोचल्यावर कॉलिमेशन, म्हणजे आरसे पुन्हा एका रेषेत आणणं, करायचंच. ते करायला कंटाळा येतो म्हणून दुर्बीण न नेणारे लोकही मी पाहिले आहेत.

परत येताना एक गोष्ट बहुतेकांची राहते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. रात्रभर गारठलेली दुर्बीण पहाटे उबदार घरात आणली की भिंगावर लगेच पाणी सुटतं. टोप्या जागेवरच लावायच्या, पेटी बंद करायची, आणि घरी आल्यावर काही तास तशीच राहू द्यायची. पेटी हळूहळू उबदार होते, आतली काचही. मग दुपारी उघडून, कुठे ओल राहिली असेल तर वाळू द्यायची आणि त्यानंतर कपाटात. घाईने पुसायचं तर मुळीच नाही. आरशावर धूळ बसलेली परवडते, रुमालाचे ओरखडे परवडत नाहीत.

या सगळ्यात मोठं सोपेपण आणलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सन यांनी. वेदान्त सोसायटीच्या मठात ते रामकृष्ण संघाचे साधू म्हणून तेवीस वर्षं राहिले. मठात पैसा नव्हता, म्हणून टाकाऊ काच, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूड यांतून त्यांनी दुर्बिणी केल्या आणि चाकं लावून रस्त्यावर ओढत नेल्या, लोकांना चंद्र दाखवायला. दुर्बिणीपायी मठाबाहेर राहणं वाढलं आणि १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. त्यांची प्लायवूडची बैठक सुतार एका दिवसात करू शकतो. नळी उचलली की बैठक वेगळी. दोन माणसं, दोन खेपा, काम झालं. लोखंडी पाइपांच्या अवजड माउंटपासून आम्हाला त्यांनीच सोडवलं. अण्णांनी त्या बैठकीचं चित्र पाहिलं तेव्हा म्हणाले, हा माणूस लाकडाचं ऐकणारा आहे.

आणि नाशिक म्हटल्यावर सिंहस्थ आलाच. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा आमच्याकडे कुंभमेळा भरतो. गावाचं सगळं जीवन बारा वर्षांच्या ग्रहगतीला बांधलेलं आहे, असं गाव जगात क्वचित असेल. तरी त्या शाही स्नानांच्या रात्री दुर्बिणीतून गुरू पाहता येत नाही. कारण स्नानाच्या दिवसांत सूर्यही बहुतेक सिंहेतच असतो. २०१५ साली २६ ऑगस्टला गुरू-सूर्याची युती होती आणि २९ ऑगस्टला पहिलं शाही स्नान. गुरू सूर्याच्या तेजात बुडालेला, वर श्रावणातले ढग, आणि दुर्बीण पेटीत. पुढच्या मार्चमध्ये तोच गुरू सिंहेतच, सूर्याच्या बरोबर समोर आला, रात्रभर दिसला. तेव्हा आम्ही पेट्या उघडून मुलांना त्याचे चार चंद्र दाखवले आणि सांगितलं, याच्यासाठीच घाटावर एवढी गर्दी झाली होती. आता २०२७ येतो आहे. त्या पावसाळ्यातही पेटी कोरडी ठेवायची, म्हणजे नंतरच्या हिवाळ्यात काम देईल.

माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक तारीख आहे, २० मार्च २०३४. त्या दिवशी खग्रास ग्रहणाचा पट्टा भारतात शिरेल तो काश्मीर-लडाखच्या बाजूने. जायचं तर विमानाने. हातातल्या सामानाला बहुतेक ठिकाणी सात किलोंची मर्यादा असते. सहा इंची आरसा साधारण सव्वा किलोचा, त्याची अण्णांच्या मापाची पण पातळ प्लायवूडची पेटी धरून अडीच किलो. दोन आयपीस, सौर फिल्टर आणि फाइंडर मिळून आणखी किलोभर. एवढं हातात. नळीऐवजी सुट्या दांड्या, आणि बैठक सुटी करून मालातल्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये. आमच्या गटातल्या दोन मुली त्या पेटीचं माप आत्ताच काढत आहेत. मी त्यांना तीन गुटके दाखवले आणि बनात कुठे मिळते तेही सांगितलं.